प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड तारा आणि फोमची पट्टी: माझा सविस्तर रिव्ह्यू

आधीच सांगून ठेवते, हा रिव्ह्यू एकट्या बेस गिटारचा नाहीये, बेस, तारा आणि सेटअप असं सगळं मिळून आहे, कारण दुकानातून आणला तसाच बेस वाजवून त्यावर मत देण्यात मला फारसा अर्थ वाटत नाही. तारा बदलल्या की तोच बेस वेगळा वाजतो, अ‍ॅक्शन (तारांची दांड्यापासूनची उंची) अर्धा मिलिमीटर वर घेतली की अजून वेगळा. तर माझं काँबिनेशन असं आहे: फेंडर प्रिसिजन, एकच स्प्लिट पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग, दोन तुकड्यांचा), बॅटरी नाही, प्रीअँप (सिग्नल वाढवणारं सर्किट) नाही, त्यावर ला बेलाच्या जाड फ्लॅटवाउंड तारा म्हणजे ५२ ते ११० वाला सेट (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), आणि ब्रिजजवळ (बॉडीवर तारा अडकवतात तिथे) तारांच्या खाली फोमची पातळ पट्टी. ह्याच्यावर मी बरीच वर्षं वाजवतेय, स्टेजवर पण आणि रेकॉर्डिंगला पण, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय.

माझी आवड सांगायची तर मला आखूड सूर आवडतो. बेसचा सूर लागतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं, पण तो थांबतो कधी यावर गाण्याची चाल ठरते हे माझं पक्कं मत आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजली आणि बेसचा सूर नको तितका लांबला की पुढच्या स्नेअरच्या (काठीने वाजवायच्या कडक ड्रमच्या) आधी जी मोकळी जागा असते ती भरून जाते, मग बँड कितीही टाइट असला तरी गाणं जड वाटतं, ऐकणाऱ्याची मान हलत नाही. ड्रमर मंडळींना हे लगेच कळतं. तबल्यावर डग्ग्याची आस तळहाताने आवरतात ना, तसंच काम बेसवर दोन्ही हातांना सतत करावं लागतं, आणि वाद्य, तारा, फोम ह्या गोष्टी त्या कामात मदत करतात की अडथळा आणतात एवढ्या एकाच कसोटीवर मी सगळं सामान बघते. खालचं सगळं ह्या कसोटीवरच वाचा, तुमची कसोटी वेगळी असेल तर तुमचा निकाल पण वेगळा येईल.

आता वाद्याबद्दल. प्रिसिजन आला १९५१ मध्ये. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्तीच्या धंद्यातला माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, आणि मला वाटतं म्हणूनच हा बेस असा झालाय की सगळं खोलता येतं, सगळं फिरवता येतं, सगळं बदलता येतं. नेक म्हणजे दांडा, तो चार स्क्रूंनी बसवलेला, प्रत्येक तारेला उंची कमीजास्त करायला आपापले छोटे स्क्रू, कंट्रोल म्हणजे एक व्हॉल्यूम एक टोन, संपलं. तारेची वाजणारी लांबी ३४ इंच, आणि आज बाजारात बहुतेक बेस ह्याच मापाचे मिळतात ते इथूनच आलंय. सुरुवातीच्या प्रिसिजनवर साधा सिंगल कॉइल पिकअप होता, तो बदलून १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा स्प्लिट पिकअप आला, आणि आज आपण प्रिसिजनचा आवाज म्हणून जो ओळखतो तो ह्या दुसऱ्या पिकअपचा.

ह्या पिकअपबद्दल थोडं जास्त लिहिते कारण माझ्यासाठी हा बेस घ्यायचं निम्मं कारण तेच आहे. दोन तुकडे असतात, एक ई (E) आणि ए (A) ह्या दोन जाड तारांखाली, दुसरा डी (D) आणि जी (G) ह्या दोन बारीक तारांखाली. दोन्हीची वायर उलट-सुलट गुंडाळलेली आणि चुंबकाचे ध्रुव पण उलटे, त्यामुळे बाहेरून येणारी गुणगुण दोन्हीत एकमेकांविरुद्ध येते आणि कटते, तारेचा सिग्नल मात्र प्रत्येक तुकड्यातून सरळ जातो. ट्यूबलाइट, डिमर, स्टेजवरची जुनी वायरिंग, काही असू दे, बेस शांत राहतो, आणि जिचं वादनच सुरांच्या मधल्या शांततेवर उभं आहे तिला हे फार मोलाचं आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ई-ए वाला तुकडा नेकच्या बाजूला सरकवलेला असतो आणि डी-जी वाला ब्रिजच्या बाजूला, म्हणून खालच्या तारा गुबगुबीत लागतात आणि वरच्या तारा जरा कडक, आणि चारही तारांवर फिरताना आवाज पातळ होत नाही. पिकअपची जागा पण अशी आहे की आवाजाचा मधला (ना फार खालचा ना फार वरचा) जो घोगरा भाग असतो तो भरपूर येतो, गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीत बेस ऐकू येतो तो त्याच भागामुळे.

तुलना विचाराल तर जॅझ बेस, १९६० चा, माझ्याकडे नाहीये पण मित्राचा भरपूर वाजवलाय. नेक नटपाशी (वरच्या टोकाला तारा टेकतात तिथे) ३८ मिलिमीटर म्हणजे चांगलीच बारीक, लहान हातांना एकदम सोयीची, प्रिसिजनची साधारण ४१ च्या पुढे, जुन्या मॉडेलची ४४ पर्यंत. जॅझला दोन सिंगल कॉइल, दोन्ही फुल्ल उघडले तर गुणगुण कटते पण सोबत मधला भाग पण थोडा खोल जातो, कारण एकच तार दोन वेगळ्या जागी ऐकली जातेय आणि त्यातले काही सूर एकमेकांना मारतात, स्लॅप (तारेवर अंगठा मारून) वाजवणाऱ्यांना तोच पोकळ चमकदार आवाज हवा असतो. एकच पिकअप ठेवलात तर गुणगुण ऐकू येते. म्यूझिक मॅनचा स्टिंगरे १९७६ चा, आत अ‍ॅक्टिव्ह प्रीअँप, ब्रिजकडे मोठा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), एकदम ठणठणीत, सुराचं टोक टोचतं असं, रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली वाजवायचा तेव्हा ऐकलं असेलच. भारी वाद्य आहे, फंकसाठी तर आहेच, पण मला जिथे सूर गोल हवा असतो तिथे तो जास्त बोलतो. आणि नऊ व्होल्टची बॅटरी ऐन गाण्यात बसली तर, ही चिंताच मला नको.

माझ्या बेसवर टोन नॉब मी निम्म्याच्या जरा खालीच ठेवते, कधी पूर्ण बंद. पॅसिव्ह टोन म्हणजे काय, एक पॉट आणि एक कपॅसिटर, साधारण ०.०४७ मायक्रोफॅरडचा, वरचा कर्कश भाग जमिनीत घालवतो, वाढवत काहीच नाही. लोकांना हे अपुरं वाटतं, तीन-चार बँडचा इक्यू (आवाजाचे वेगवेगळे भाग कमीजास्त करायचे नॉब) हवा असतो, मला उलट वाटतं की एवढं कमी असलं की हाताकडे लक्ष जातं. बोट नेकच्या टोकाशी नेलं की आवाज मऊ आणि बसका, पिकअपच्या वर आणलं की घट्ट, ब्रिजकडे नेलं की नाकातून आल्यासारखा, गाण्याच्या मध्यात कडव्याला आणि ध्रुवपदाला मी एवढंच करते, नॉबला हात पण लावत नाही.

तारांकडे येते, कारण खरा फरक इथे आहे आणि बहुतेक जण इथेच काटकसर करतात. राउंडवाउंड म्हणजे बाहेरून गोल वायर गुंडाळलेली, बोट फिरवलं की खरखर लागते, नवीन असताना पियानोसारखी लखलखीत वाजते. १९६०च्या दशकात द हू बँडचा बेसिस्ट जॉन एंटविसल आणि तारा बनवणारी रोटोसाउंड कंपनी यांनी मिळून बेससाठी तशा तारांवर काम केलं आणि तिथून रॉकचा बेस पुढे आला. फ्लॅटवाउंड म्हणजे बाहेरची पट्टी सपाट, बोटाला गुळगुळीत, वरचा लखलखाट कमी, सूर सुरू होताना एक ठोका आणि मग पटकन उतरता. सुरुवातीच्या काळात सगळेच बेस फ्लॅटवर वाजायचे. आजही फ्लॅट म्हणजे जुन्या गाण्यांसाठी असा एक समज आहे तो मला अजिबात पटत नाही, नवीन गाण्यात जिथे सिंथ आणि प्रोग्रॅम केलेली किक असते तिथे फ्लॅटचा बेस इतका छान बसतो की इक्यूला फारसं काम उरत नाही.

पण सगळे फ्लॅट एकसारखे नसतात हे मात्र लक्षात घ्या. डॅडारिओ क्रोम्स हे सगळ्यात चमकदार फ्लॅट, नवीन असताना तर जवळजवळ राउंडच्या जवळ जातात, ताण पण चांगला, ज्याला राउंडवरून हळूहळू यायचंय त्याने इथून सुरुवात करावी. थॉमस्टिक इनफेल्डचे जॅझ फ्लॅट ४३ ते १०० चे, एकदम ढिले आणि लवचीक, बोटाखाली तार लोळते, मधला भाग गाणारा, हलक्या हाताने वाजवणाऱ्यांना जीव लावतील असे, पण माझा उजवा हात जोरात पडतो आणि तार फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) आपटते म्हणून मला जमले नाहीत. ला बेलाचा ५२-११० म्हणजे दुसरं टोक, कडक, पहिल्या दिवशी बोटं दुखतील, डाव्या हाताला जोर लावावा लागेल, आणि बदल्यात सूर असा येतो की एका सुरात अख्खं वाद्य बोलतंय असं वाटतं. कडक तारेचा अजून एक फायदा, जोरात छेडली तरी सूर सुरुवातीला वर चढून मग खाली येत नाही, ढिल्या तारेवर तो डगमग ऐकू येतो, विशेषतः ई तारेवर. आणि टिकाऊपणा तर विचारूच नका, राउंड काही आठवड्यांत मेल्यासारखे होतात, फ्लॅट वर्षानुवर्षं चालतात आणि जितके जुने तितके मला जास्त आवडतात. महाग असतात हे खरं, पण हिशोब केला तर स्वस्तच पडतात.

तारा चढवताना एक काळजी घ्यायची जी पुड्यावर कुणी लिहीत नाही. फ्लॅट तार कापायच्या आधी जिथे कापायची त्याच्या अलीकडे पक्कडीने काटकोनात वाकवून घ्या, मगच कापा, नाहीतर वरची सपाट पट्टी आतल्या गाभ्यावरून सैल होते आणि तार कायमची मेलेली वाजते, आणि एवढी महाग तार असं होऊन बघणं जिवावर येतं. शेवटी जो रेशमी धागा गुंडाळलेला असतो तो नटच्या आत, वाजणाऱ्या भागात येऊ देऊ नका. आणि ११० ची ई तार बऱ्याच नटांच्या खाचेत बसतच नाही, वर तरंगत राहते, मग पहिल्या दोन-तीन फ्रेटवर सूर चढा लागतो. खाच रुंद करायला बारीक कानस लागते आणि हात स्थिर लागतो, ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या, खाच जास्त खोल गेली की नट बदलावा लागतो.

फोमचं सांगते. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजवर धातूचं झाकण असायचं आणि त्याच्या आत म्यूट चिकटवलेला असायचा, म्हणजे कंपनीलाच आखूड सूर हवा होता. लोकांनी झाकणं काढून टाकली. मी पॅकिंगमधला मऊ, दाबला की लगेच वर येणारा फोम घेते, चारही तारांच्या रुंदीएवढी पट्टी कापते आणि ब्रिजच्या सॅडलच्या (तार जिथे टेकते त्या तुकड्यांच्या) अगदी लगत तारांखाली सरकवते. कडक फोम घेतला की तार वर ढकलली जाते, सूर चढतो आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं) बिघडतं, म्हणून पट्टी तारेला टेकली पाहिजे, दाबली नाही पाहिजे. मग प्रत्येक तार मोकळी छेडायची आणि डोळे मिटून ऐकायचं की चारही सारख्याच वेळात विझतायत का. बहुतेक वेळा जी (G) तारच सगळ्यात आधी विझते, कारण ती बारीक आहे आणि तिच्यात जोर कमी, मग त्या बाजूला कात्रीने पट्टीचा वरचा कोपरा किंचित तिरका कापायचा, परत घालायची, परत ऐकायचं. ई तारेकडे उलट, तिथे थोडा जास्त फोम लागतो. असं करत करत एक जागा येते जिथे एखादी ओळ वाजवली की चारही तारांवरचे सूर एकाच घरातले वाटतात. ह्या कामाला मी घाई करत नाही, मला ते मनापासून आवडतं.

आणि इथे एक गोष्ट जी मला फार आवडते. स्क्रूने बसवलेल्या लाकडी नेकच्या ह्या जातीच्या बेसवर जी (G) तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एक मेलेली जागा सापडते, तिथे सूर लागतो आणि इतरांपेक्षा लवकर बसतो, कारण नेकचं स्वतःचं कंपन नेमकं त्या सुराशी जुळतं आणि तारेची ताकद ओढून घेतं. काही बेसवर कमी, काही बेसवर जास्त. हेडस्टॉकवर वजन लावलं की ती जागा सरकते, त्यासाठी छोटे क्लँप मिळतात. लांब सूर वाजवणाऱ्याला हे फार टोचतं. पण जाड फ्लॅट आणि फोम असेल तर सगळेच सूर आखूड असतात, त्यामुळे ती जागा ऐकूच येत नाही, निदान बँडमध्ये तरी नाही.

सेटअपचे आकडे विचारणारे खूप असतात म्हणून देते. आधी तारा ज्या सुरात वाजवायच्या त्या सुरात लावा. मग पहिल्या फ्रेटवर कापो (तारा दाबून धरणारा चिमटा), जिथे नेक बॉडीला मिळते तिथे बोटाने तार दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटच्या मधली फट फीलर गेजने बघायची, मी ०.३ मिलिमीटरच्या आसपास ठेवते. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी, मग थांबायचं, नेकला सावरायला वेळ द्यायचा. राउंडवरून जाड फ्लॅटवर गेलात तर ताण वाढतो, नेक पुढे झुकते, म्हणजे हे करावंच लागतं, तारा बदलल्या आणि सेटअप तसाच ठेवला तर मग फ्लॅट वाईट वाटले म्हणायला जागा नाही. त्यानंतर अ‍ॅक्शन. फेंडरचं स्वतःचं माप सतराव्या फ्रेटवर ई तारेला साधारण २.४ मिलिमीटर आणि जी ला २, मी त्याच्याहून थोडी वर, ई ला २.८ च्या जवळ ठेवते. आजकाल सगळ्यांना अ‍ॅक्शन जमिनीला टेकलेली हवी असते, पटापट वाजतं म्हणून, पण तार उंच असली की जोरात छेडता येते आणि सुराची सुरुवात भरीव येते, फ्रेटवर आपटून सगळी ताकद खडखडाटात जात नाही. बोटांना कष्ट पडतात, मान्य, पण तेवढं केल्याशिवाय तो ठोका येत नाही.

इंटोनेशन सगळ्यात शेवटी, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर जुळवायचा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे. फोम काढून करा आणि घालून परत तपासा. पिकअपची उंची मात्र कानाने, फार जवळ आणला की चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर डगमगतो, आणि जोरात वाजवलं तर आवाज आवळल्यासारखा होतो. मी थोडा लांबच ठेवते, व्हॉल्यूम अँपमध्ये वाढवता येतो.

आता ह्या आवडी आल्या कुठून ते. पहिलं नाव जेम्स जेमर्सन, दुसरं कुणी असूच शकत नाही. १९३६ ते १९८३ एवढंच आयुष्य, डेट्रॉइटच्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीच्या तळघरातल्या स्टुडिओत दिवसरात्र काम, आणि बरीच वर्षं रेकॉर्डवर नावसुद्धा नाही, मार्विन गेच्या १९७१च्या अल्बमवर वादकांची नावं छापली गेली तेव्हा कुठे लोकांना कळायला लागलं. १९६२चा प्रिसिजन, ला बेलाच्या जाड फ्लॅट, ज्या तो बदलायचाच नाही, अ‍ॅक्शन उंच, झाकणाखाली म्यूट. म्हणजे माझा सेटअप सरळसरळ त्याच्याकडून घेतलेला आहे. आधी तो डबल बेस वाजवायचा आणि तिथली सवय म्हणून इलेक्ट्रिकवर पण उजव्या हाताची फक्त तर्जनी वापरायचा. हे ऐकून मी मुद्दाम एकाच बोटाने वाजवून बघितलं, आणि फरक ताबडतोब ऐकू येतो, दोन बोटांमध्ये एक बोट नेहमी जरा हलकं पडतं, एका बोटाने प्रत्येक सूर त्याच वजनाचा येतो. वेगवान ओळींना मी दोन बोटंच वापरते, पण संथ गाण्यांना आता एकच. त्याच्या ओळी लिहून काढायला बसा कधी, किती सूर आहेत बघून थक्क व्हाल, आणि तरी गाण्यात गर्दी वाटत नाही, कारण प्रत्येक सूर आपलं काम करून लगेच बाजूला होतो.

कॅरल के, लॉस एंजेलिसच्या स्टुडिओतली, मूळची गिटारवादक, १९६३ मध्ये बेसिस्ट आला नाही म्हणून बेस हातात घेतला आणि मग शेकडो रेकॉर्डिंग. ती पिकने (बोटाऐवजी छोट्या चकतीने) वाजवायची आणि तारांवर ब्रिजजवळ फेल्टचा तुकडा ठेवायची. पिक म्हणजे खोटं बेसवादन असं म्हणणारे अजून भेटतात, त्यांना तिचं काम ऐकवा. फ्लॅट, म्यूट आणि पिक ह्या तिन्हीचा मिळून जो टक-टक सूर येतो तो दुसऱ्या कशानेच येत नाही, आणि मी रेकॉर्डिंगला अधूनमधून तो वापरते.

डक डन, मेम्फिसच्या स्टॅक्स रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट, तो माझ्यासाठी कमी वाजवण्याचा गुरू आहे. अ‍ॅल जॅक्सनच्या ड्रम्सबरोबर तो जिथे गप्प बसतो त्या जागा मी मोजून पाठ केल्यात. आणि अ‍ॅस्टन बॅरेट, बॉब मार्लेच्या मागचा, तो तर जॅझ बेसवर फ्लॅट लावून वाजवायचा, त्यामुळे जॅझवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. रेगेमध्ये ओळीच्या मधे जी रिकामी जागा असते तिथेच माणूस नाचतो, आणि ती जागा रिकामी ठेवायला सूर वेळेवर बंद करावा लागतो, डाव्या हाताने दाब सोडून पण बोट तारेवर ठेवून. पिनो पॅलाडिनो आधी फ्रेटलेस स्टिंगरेसाठी नावाजलेला आणि पुढे गायक डीअँजेलोच्या २०००च्या अल्बमवर प्रिसिजन आणि फ्लॅट, ठेक्याच्या इतका मागे राहतो की सुरुवातीला कान चक्रावतो. मागे राहून वाजवायचं तर सूर आखूडच लागतो, लांब सूर असेल तर ते नुसतं उशिरा आल्यासारखं वाटेल.

उलट बाजूचे पण दोन सांगते, कारण त्यांच्याशिवाय चित्र अर्धंच राहील. जॅको पॅस्टोरियस, १९६२चा जॅझ, फ्रेट काढून टाकलेले, बोर्डावर इपॉक्सीचा थर आणि त्यावर रोटोसाउंडचे राउंड, ब्रिजचा पिकअप. १९७६च्या त्याच्या पहिल्या अल्बमनंतर बेस म्हणजे गाणारं वाद्य पण असू शकतं हे जगाला कळलं. तो सूर धरून ठेवतो, हलवतो, आणि माझ्या सेटअपवर ते शक्यच नाही. मी त्याला ऐकते तेव्हा माझा बेस बदलावा असं वाटत नाही, पण एखादा लांब सूर ऐन जागी ठेवला की काय होतं ते त्याच्याकडूनच शिकले. आणि आयर्न मेडनचा स्टीव्ह हॅरिस, प्रिसिजन आणि फ्लॅट, तरीही मेटल, बोटांनी घोड्याच्या टापांसारखा ठेका. फ्लॅट म्हणजे मऊच असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी त्याचंच नाव सांगते. ताज्या तारा, जोरात हात, तार फ्रेटवर आपटू द्यायची, की तेच सामान खणखणीत बोलतं.

अँपबद्दल थोडक्यात. अँपेगचा बी-१५, १९६०चा, एक पंधरा इंची स्पीकर, ट्यूब, तो आवाज ह्या बेसला सगळ्यात शोभतो. एसव्हीटी, १९६९चा, ३०० वॅट आणि आठ दहा-इंची स्पीकरांचं कपाटाएवढं कॅबिनेट, मोठ्या स्टेजसाठी. आता मी हलकं छोटं हेड आणि एक कॅबिनेट वापरते, आणि साउंडवाल्याला डीआय (बेसचा सिग्नल सरळ साउंड सिस्टिममध्ये) देते. मोकळी ई म्हणजे ४१ हर्ट्झ, छोट्या स्पीकरमधून ती जवळपास येतच नाही, तिच्या वरच्या ८२ आणि पुढच्या सुरांवरून कान स्वतः खालचा सूर जोडून घेतो. म्हणून लो वाढवत बसू नका, खोलीत नुसता गडगडाट होतो आणि किकची जागा जाते. मी साउंडचेकला लो थोडा कमी करते, ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास किंचित वर, आणि कंप्रेसर (आवाजाची चढउतार आवळणारं यंत्र) असेल तर त्याचा अ‍ॅटॅक सावकाश ठेवा म्हणून सांगते, नाहीतर सुराच्या सुरुवातीचा ठोकाच तो खाऊन टाकतो. रिहर्सलमध्ये एकटीने ऐकलं तर हा टोन अगदी साधा, कंटाळवाणासुद्धा वाटतो. बँड सुरू झाला की मग ऐका.

तक्रारी पण आहेत. हा बेस एकच आवाज देतो, तो हवा असेल तर घ्या. स्लॅपला हे तारांचं काँबिनेशन निरुपयोगी आहे, अंगठा मारला की नुसता धप्प आवाज येतो, लखलखाट शून्य. फ्रेट वीसच, वरच्या भागात सोलो वाजवायचा तर हात बॉडीला अडतो. वजन चार किलोच्या आसपास किंवा पुढे, पट्टा रुंद घ्या, खांद्यासाठी सांगतेय. हात लहान असेल तर रुंद नेकबरोबर जाड तारा म्हणजे मनगटाला त्रास होऊ शकतो, तिथे जिद्द करू नका, ४५ ते १०५ चा हलका फ्लॅट सेट घ्या किंवा ३० इंची शॉर्ट स्केल बघा, बीटल्सच्या मॅकार्टनीचा हॉफनर शॉर्ट स्केलच होता आणि त्यावर फ्लॅटच होत्या. एखादी जुनी फ्लॅट तार तुटली तर नवीन एकटी वेगळी वाजते, पुन्हा मुरायला वेळ लागतो, म्हणून मी जुना काढलेला सेट कधी टाकत नाही.

कुणाला घ्या म्हणेन? ज्यांना गाण्याच्या खाली बसून ते उचलून धरायला आवडतं, सोल, रेगे, जुना रॉक, साधी पॉप गाणी, गायकाच्या मागे वाजवणं, त्यांनी बिनधास्त. नवशिक्यांना प्रिसिजन नक्की, जाड ला बेला मात्र लगेच नको, आधी क्रोम्स लावा, बोटं तयार होऊ द्या. ज्यांना टॅपिंग, कॉर्ड, सोलो करायचे आहेत त्यांनी दुसरीकडे बघावं. आणि ज्यांच्याकडे आधीच कुठलाही बरा बेस आहे त्यांनी नवीन विकत घ्यायच्या आधी एक फोमची पट्टी कापून तारांखाली सरकवा, टोन अर्धा बंद करा, आणि तुमच्या ड्रमरबरोबर नेहमीचंच एखादं गाणं वाजवा. ड्रमर काय म्हणतो ते ऐका, मग तारांचा विचार करा, बेसचा त्याच्यानंतर.